दोन डॉक्टरांची भीड

१२ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र कधीच पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. लिहायला बसलं की काय लिहावं आणि काय गाळावं तेच उमगत नव्हतं.

तुझ्या दादाचं काही ठीक नाही गं. उभा जन्म कोट शिवण्यात गेला त्याचा, आणि गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या. गिऱ्हाईक हसलं, मीही हसले, पण तो हसला नाही. टेप गळ्यात असते आणि मला विचारतो टेप कुठंय. तोंडाला कोरड पडते म्हणून सारखा पाणी पितो, भर दिवसा मशीनवर पेंगतो.

परवा म्हणाला, बाबांचंही असंच सुरू झालं होतं. मामंजींनी शेवटी पोटच्या पोरांना ओळखलं नाही, ते तुम्ही दोघांनी पाहिलंय, मी काय सांगू? आता दुकान विकतो म्हणतो. डोकं शाबूत आहे तोवर सही करून मोकळा होतो म्हणे. घेणारा महिनाअखेरीस येतोय. मी तोंडावर त्याला झिडकारते आणि न्हाणीघरात जाऊन रडून घेते.

तुला काही सुचलं तर लगेच लिही. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी
वहिनी

१९ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि हातातले पेपर तपासायचे तसेच ठेवले. पोरं नापास झाली तर पाप तुझ्या नवऱ्याच्या माथी.

वहिनी, बाबांचं दुखणं मला नीट आठवतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू विसरत गेले. दादा परवा संक्रांतीला मला शाळेतल्या खोड्या सालवार सांगत होता, आणि आता दोन महिन्यांत एवढं? मला हे पटत नाही. म्हातारपण असं धावत येत नाही.

त्याच्या डॉक्टरमित्राला दाखवलंस का? दादा आपणहून जायचा नाही हे मला ठाऊक आहे. न्हाव्यानं कान कापला तरी हाच माफ करा म्हणेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते आमच्या घराला बघूनच. तेव्हा तू एक कर. डॉक्टरांचा कोट शिवायला टाकलाय असं मागे लिहिलं होतंस. त्यांना कोट घालून बघायला घरीच बोलाव, आणि जरा जास्त वेळ बसवून घे. त्यांना आधी सगळं सांगून ठेव.

परीक्षा आटोपल्याशिवाय मला हलता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. दादाला हे पत्र दाखवू नकोस. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पदरात घे.

तुझी
चिमणी

३० मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो. आधी तेवढं लिहिते, मग बाकीचं.

डॉक्टर आले. अंगात अर्धा कोट, टाचण्या टोचलेल्या. बटणं निवडायची म्हणून त्यांनी आपणच बटणांचा डबा उघडला, तर आत गोळ्यांची पट्टी. त्यांनी न दिलेल्या गोळ्या. तुझ्या दादाचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.

मग एकेक बाहेर आलं. याला लघवीला सारखं जावं लागायचं. मित्राला सांगायची लाज वाटली, म्हणून पलीकडच्या रस्त्यावरच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी विचारलं, आणखी काही औषधं चालू आहेत का? हा म्हणाला, काही नाही. दुसऱ्याचं औषध घेतो म्हटलं तर बाईंना वाईट वाटेल ना! आणि मित्रानं अंगाच्या खाजेसाठी दिलेली झोप आणणारी गोळी रोज चालूच. मलाही पत्ता लागू दिला नाही. दोघांचं मन राखता राखता स्वतःचं डोकं गमावून बसला होता.

डॉक्टरांनी कोट न उतरवता बाईंना फोन लावला. दोघांचं एकमत झालं. दोन्ही गोळ्या तोंड कोरडं करणाऱ्या आणि डोकं मंद करणाऱ्या. एकेकटी असती तर बहुधा निभावलं असतं, पण या वयात दोन्ही मिळून जड गेल्या. खाजेची बंद केली, दुसरी बदलून दिली. किती फरक पडेल ते दिसेलच म्हणाले, आत्ताच वचन देत नाही. दुकान घेणाऱ्याला मी सध्या येऊ नका म्हणून कळवलंय. माझा जीव अजून टांगणीला आहे.

असाच जीव लावत राहा.

तुझी
वहिनी

२४ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डॉक्टरांचा कोट झाला. बाह्या एक डावी, एक उजवी. तो घालून ते मुद्दाम डॉक्टरीणबाईंना दाखवून आले, आणि आता दोघं मिळून मला रागावतात. रागावून घ्यायला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. दुकान विकत नाही. तुझी वहिनी पुन्हा माझ्याशी भांडू लागली आहे, म्हणजे मी बरा झालो असं समज.

एक गोष्ट ती तुला कधी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं, ते तिनं मला वाचून दाखवलं. ऐकून मी विचारलं, या कोण? ती म्हणाली, तुझी धाकटी बहीण. मला काही केल्या आठवेना. पण तिला वाईट वाटू नये म्हणून मी मान डोलावली आणि म्हणालो, बाई चांगल्या दिसतात. ती उठून आत गेली. आता ते सगळं मला लख्ख आठवतं.

बाबांना परत येता आलं नाही. मी आलो, तो तुम्हा दोघींमुळे आणि त्या दोन डॉक्टरांमुळे. हे ऋण मी फेडू शकत नाही, आणि फेडायची इच्छाही नाही.

परीक्षा संपल्या की ये. दार मीच उघडणार आहे, आणि कोण आलंय ते तुझ्या वहिनीला मी सांगणार आहे.

तुझा
दादा