वर म्हणजे वर

६ जानेवारी
महायुद्धातलं दुपंखी लढाऊ विमान बांधायला घेतलं. स्केल मॉडेल, अगदी अस्सल दिसणारं, आणि उडणारंसुद्धा. कंट्रोल लाईनचं. म्हणजे विमानाला दोन तारा, तारांच्या टोकाला हँडल, आणि हँडल धरून मधोमध मी. मी जागच्या जागी फिरायचं, विमान माझ्याभोवती घिरट्या घालणार. एक तार ओढली की वर, दुसरी ओढली की खाली. बायकोला हे सगळं नीट समजावलं. म्हणाली, म्हणजे पतंगच की. पतंग! किळस आली.

८ जानेवारी
मागच्या खोलीवरून कटकट. हिला तिथे शिलाई मशीन ठेवायचंय. म्हणे खोलीत माझी अर्धवट टेलिस्कोप, अर्धवट होडी आणि अर्धवट गिटार आहे. गिटार अर्धवट नाही, फक्त तिला तारा नाहीत. शेवटी करार झाला. विमानाने आमच्या मॉडेल-विमान क्लबच्या मैदानावर एक पूर्ण फेरी मारली तर खोली कायमची माझी. नाहीतर मशीन. मेहुणा साक्षीदार. साक्षीदाराने हसू नये एवढी साधी अक्कल त्या घराण्यात नाही.

१९ जानेवारी
वरचे पंख झकास. खालचे दोन्ही डावे झाले. प्लॅन छापणारे काय लायकीचे आहेत ते कळलं. मेहुण्याने प्लॅनवर बोट ठेवून दाखवलं, उजवा पंख उलट बाजूने बांधा असं तिथे लिहिलंय. असेल. इतकं बारीक कुणी वाचत बसतं का? संताप.

३ फेब्रुवारी
उजवा पंख झाला. आता इंधन. त्यात एरंडेल असतं! लहानपणी आई नाक दाबून पाजायची, तेच. बाल्कनीत इंजिन चालवून बघितलं, घरभर तोच वास. हिने पडदे धुतले, उशांचे अभ्रे धुतले, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मला स्वतःलाच माझी शिसारी येतेय, पण हे तिला सांगणार नाही.

१२ फेब्रुवारी
मैदानावर गरगरायला नको म्हणून हॉलमध्ये हँडल धरून फिरण्याचा सराव. झकास जमलं. थांबणं तेवढं जमलं नाही. टीपॉयसकट खाली गेलो. खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई दारात हजर, वर काय पडलं म्हणून. हिने सांगितलं, पायलट. दोघी इतक्या हसल्या की मी आत जाऊन दार लावून घेतलं.

२१ फेब्रुवारी
चाकं बसवायची म्हणून विमान जेवणाच्या टेबलावर उताणं ठेवलं होतं. बसवली. लगे हाथ तारासुद्धा तपासून टाकल्या. एक ओढली, शेपटीची झडप छताकडे उचलली गेली. त्या तारेला चिठ्ठी लावली: वर. दुसरीला: खाली. ही भाजी निवडत होती. म्हणाली, पण विमान उलटं पडलंय ना? मी म्हटलं, वर म्हणजे वर, त्यात विमानाचा काय संबंध! बायकांना यंत्रातलं काही म्हणजे काही कळत नाही. कीव आली.

२ मार्च, सकाळ
आज उड्डाण. हिने मागच्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन ठेवलंय, पडद्यासाठी. उतावळेपणाला काही मर्यादा?

२ मार्च, संध्याकाळ
मेहुण्याने इंजिन सुरू केलं, विमान सोडलं. धावलं. आपसूक उचललं गेलं! क्लबची मंडळी टाळ्या वाजवायला लागली. काय दिसत होतं! हिनेसुद्धा टाळी वाजवली, मी पाहिलं. अजून उंच न्यावं म्हणून चिठ्ठी बघून ‘वर’ दिलं. विमान खाली यायला लागलं. खाली येतंय म्हणून आणखी ‘वर’ दिलं. आणखी खाली. मग पूर्ण ‘वर’ दिलं.

नाक जमिनीत, शेपटी आकाशात. मी मात्र सरावामुळे फिरतच राहिलो. म्हणजे एक पूर्ण फेरी झाली. पण करारात फेरी विमानाने मारायची होती, यावर मेहुणा अडून बसला. किती कोता माणूस.

ही वाकून तुकडे ओढणीत गोळा करत होती. हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एरंडेलाचा धूर फार होता.

५ मार्च
मशीन आलं. भलं मोठं खोकं. मी आणि मेहुण्याने दोन बाजूंनी उचलून मागच्या खोलीत नेलं. खोलीत आता होडी नाही, टेलिस्कोप नाही. गिटार वकीलबाईंकडे गेली. विमानाचा उरलेला एक पंख हिने खिडकीवर खिळ्याला टांगलाय. डावा.

खोक्यावरचा बाण घासून पुसट झाला होता. मेहुण्याने विचारलं, भाऊजी, वरची बाजू कुठली?

मी तोंड उघडायच्या आत ही स्वयंपाकघरातून ओरडली, की त्यांना नको विचारू.