पेंढा, लिस्बन आणि पालकाची सही

१० मे, पेण
परीक्षा संपवून मुंबईहून आल्याआल्या बाबांनी हातात ब्रश दिला. आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे पीतांबर रंगवायला माणसं कमी आहेत म्हणे. दिवसभर हाताने पिवळा रंग, तोंडाने इटालियनची क्रियापदं. समोर आई. "मंत्र म्हनतेस काय गो?" इटा.चे दोन्ही पेपर बरे गेले, पोर्तुगीजचा भाषांतराचा लटकलाय. तिसऱ्या वर्षासाठी मुंबईच्या होस्टेलच्या अर्जावर पालकाची सही हवी, महिनाअखेर मुदत. बाबांना अजून विचारलं नाही.

१२ मे
विचारलं. बाबा गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. मान वर न करता म्हणाले, "दोन वर्सं शिकलीस ना? आता पुरे." मग नेहमीचं, इटालियन बोलणारा एक माणूस पेणमध्ये दाखव. मी म्हटलं, पोर्तुगीज हवं तर कोर्लईला चला, तिथे घराघरात अजून त्याच्यातूनच निघालेली बोली बोलतात.
"मंग कोरलईलाच शीक, मुंबई कशाला?"
सगळा कारखाना हसला. मीही हसले, पण राग काही गेला नाही.

१५ मे
लिस्बनच्या मराठी मंडळाच्या शाडूच्या मूर्ती उद्या निघणार. ऑर्डर रोह्याच्या मामाने आणलेली. खोक्यात पेंढ्याची गादी बाबा स्वतः घालतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. घरच्या शेतातला पेंढा, आजोबांपासूनची रीत. फायलीत तिकडे माल उतरवून घेणाऱ्यांचा पोर्तुगीज कागद होता, कुणी वाचलेलाच नाही. मी सहज वाचला. साफ लिहिलंय, पेंढा, गवत चालणार नाही, माल परत येईल किंवा जाळतील.
सांगितलं. बाबा: "देव पेंढ्यावरच बसतो."
मामा फोनवर: "दोन बुकं शिकली नाय तर आमाला शिकवते."
आणि खोकी बंद.

१६ मे
बाबा देवळात गेल्यावर मी आणि आईने खोकी फोडली. सगळी! पेंढा बाहेर, कागदाचे कपटे आणि फोम आत. एका मूर्तीच्या उंदराचा कान दुखावला, तो मी लगेच नीट केला. बाबा आले, अंगणातला ढीग बघून म्हणाले, "माज आलाय तुला." आई शांतपणे, "कागद मी बी बगितला." तिला मराठीसुद्धा बोट ठेवून वाचावं लागतं!
बाबांनी कळवलं तसा मामाने तणतणत मंडळाला फोन लावला. ते म्हणाले, मुलगी बरोबर सांगतेय, मागे दुसऱ्या कुणाच्या मूर्ती याच कारणाने अडकल्या होत्या. दुपारी टेम्पो गेला. मला कुणी काही म्हटलं नाही. अपेक्षाही नव्हती, म्हणजे थोडी होती.

१९ मे
वाटलं, आता तरी सही होईल. कसली होतेय! मामाने ओळखीच्या कंपनीत माझ्यासाठी जागा बघितलीय, परदेशी कागद वाचायची. "येतं ना वाचायला? मंग आजून काय शिकायचाय?" बाबांनाही पटलं. म्हणजे उपयोग नव्हता तेव्हा उपयोग नाही म्हणून सोड, उपयोग झाला तर झाला म्हणून सोड. मीच खोकी फोडून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला? असेल. पुन्हा फोडीन.

२३ मे, रोह्याहून परतताना
मामा कंपनीत घेऊन गेला. साहेब सभ्य होते. कधीपासून येणार, विचारलं. मामाने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, येणार नाही. मला पुढे शिकायचंय. खोक्यांचे नियम वाचण्यापुरती मला कुठलीच भाषा नकोय. त्या लोकांची भांडणं, थट्टा, रडगाणी, सगळं वाचायचंय. साहेबांनी चहा मागवला. मामाने घेतला नाही.
बाहेर येऊन, "नाक कापलंस माजं."
"आधी मला विचारलं असतंस तर वाचलं असतं, मामा."
स्टेशनवर सोडायला आला नाही, चालत गेले. गाडीने निडी स्टेशन सोडलं. नंतर भूक लागली, भेळ खाल्ली.

२४ मे, पेण
काल मामाचा फोन माझ्या आधी घरी पोचलेला. आज जेवताना सांगून टाकलं. सही केलीत तर होस्टेलवर राहीन, नाही केलीत तर रोज पेणहून जाऊन-येऊन करीन. पण तिसरं वर्ष करणार.
बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. मग, "आनि आकनी कोन करनार? तुजा हात माज्याहून बरा हाय."
आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. माझं शिकणं त्यांना खुपत नव्हतं, माझं जाणं खुपत होतं. हे दोन वर्षं कळू दिलं नाही! रडू आलं. तरी म्हटलं, सुट्टीत येऊन डोळे आखीन, पण जाणार. ते अर्धं ताट टाकून उठले. अर्ज त्यांच्या ब्रशांच्या डब्याखाली ठेवलाय.

३० मे, गाडीत
निघताना बाबांनी अर्ज हातात दिला, चार घड्या घालून. आईने डोळ्यांनीच विचारलं, काय? मला तरी कुठे माहीत. उघडलेला नाही. उघडला तर मी त्यांच्या होकारावर निघाले असं होईल, आणि तसं नाहीय. घाबरलेय, हेही खरं. होस्टेलच्या बाई उघडतील तेव्हा कळेल. जिते स्टेशन गेलं. सही नसलीच तर म्हणून पेणहून सुटणाऱ्या सकाळच्या गाड्यांच्या वेळा मागच्या पानावर उतरवून घेतल्यात.