कर्ता नसलेली तक्रार

बाई,

तुम्हांला जाऊन बरीच वर्षे झाली. वर्गात हात वर करण्याचेही धैर्य नसलेल्या मुलीने आज तुम्हांला पत्र लिहावे, हा आगाऊपणाच आहे, क्षमा करावी.

मी तळोद्याच्या एका पतसंस्थेत लिपिक आहे. शाखाधिकाऱ्याच्या जागेसाठी झालेल्या अंतर्गत परीक्षेत मी पहिली आले आणि नेमणूक मात्र माझ्या खालच्या क्रमांकावरील सहकाऱ्याची झाली. कारण विचारले तेव्हा व्यवस्थापक सर्वांसमोर म्हणाले, "पोरगी शे ती. उद्या लगीन व्हई, पोटुशी ऱ्हाई, घर बशी. मंग शाखा कोन चालाडी, तिन्हा नवरा?" सगळे हसले. मी तक्रार लिहिली, तीही तुमच्या विद्यार्थिनीला शोभेल अशा भाषेत: 'महिला असल्याच्या कारणावरून माझ्याविषयी अनुचित उद्गार काढण्यात आले.' संस्थेच्या तक्रार समितीने ती फेटाळली. कोणी, कोणते उद्गार काढले याचा उल्लेखच नाही, म्हणे. एका निर्दोष कर्मणी वाक्यात मी व्यवस्थापकांना सुखरूप लपवून ठेवले होते.

न्यायालयात अपील करायचे म्हणून नंदुरबारच्या एका वकीलताईंकडे गेले. त्यांनी तक्रार वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "बेटा, हाई निबंधस्पर्धाले धाडानं शे का कोर्टमा? कोन बोलना, काय बोलना, जसं बोलना तसंच लिख."

त्या रात्रीच नव्हे, पुढचा सबंध आठवडा माझा हात अडला. निबंधात एकदा 'आहे'ऐवजी 'शे' लिहिले होते तेव्हा तुम्ही वही परत देत म्हणाला होतात, "हा शब्द घरी ठेवून या." मग विसरवाडीचा थांबा आठवला. स्पर्धेहून परतणाऱ्या आम्हां मुलींना न घेताच बस निघते आहे, आणि तुम्ही रस्त्यात उभ्या राहून चालकावर ओरडता आहात, "थांबाडस का मी चाकासमोर आडवी पडू?" बस थांबते. आत बसल्यावर पदर सावरत तुम्ही आम्हांला बजावता, "हे वाक्य निबंधात वापरायचे नाही."

अपिलात मी व्यवस्थापकांचे वाक्य जसेच्या तसे लिहिले, त्यांच्या पदासह. खाली प्रमाण मराठीत अर्थ दिला. 'पोटुशी'ची 'गर्भवती' केली, पण मूळ शब्द पुसला नाही. मंगळवारी दुपारी बारा वाजता अपील दाखल झाले. आता कार्यालयात माझ्याशी कोणी बोलत नाही. मी वेळेवर जाते, माझ्या जागेवर बसते. अपील मागे घेणार नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? म्हणून एवढे तुमच्याजवळच सांगते. सगळ्यांना मी म्हणते की प्रश्न न्यायाचा आहे. तो आहेच. पण बाई, मला शाखाधिकारी व्हायचे आहे. फार व्हायचे आहे.