माळ्यावरच्या फळ्या

३ जुलै, अकोला

अलीझा आली अमरावतीहून. तिचं कॉलेजचं झाडांचं पुस्तक तिच्याआधी मीच उघडलं. एक शब्द अडला — लिग्नेउस. नात हसली. "दादी, लॅटिन विशेषण आहे. लाकडाचं बनलेलं ते लिग्नेउस."

मग घरभर लावून पाहिलं. पाट लिग्नेउस. लाटणं लिग्नेउस. पातं सोडलं तर यांचा रंधाही. लॅटिन आता घरात कोणी बोलत नाही म्हणे. बोलणारे गेले, शब्द राहिला.

माळ्यावरच्या फळ्याही लिग्नेउसच. 

४ जुलै

नईम म्हणाला, "अम्मी, माळा खाली कर. प्लायवूड ठेवायचं आहे. त्या तख्त्यांले काहून सांभाळून राहिली?"

काहून! मोहल्ल्यात कोणीही गेलं की माती लोटण्याआधी मय्यतीवर आडव्या टाकायच्या फळ्या यांनीच कापायच्या. पैसा घेत नसत. स्वतःसाठीही कापून ठेवल्या, निंबाच्या. आणि करोनात दवाखान्यातून परस्पर नेलं. आम्ही मायलेक कबरस्तानच्या फाटकाबाहेर. त्यांच्यावर काय टाकलं — टाकलं तरी का — कोणाला ठाऊक.

६ जुलै

फळ्या पुसल्या.

९ जुलै

शेजारच्या जैनबबी गेल्या. यांच्या हातचं काहीच टाकत नाही म्हणून फार चिडवायच्या मला — "तू तो मियां की अलमारी बी ओढके सोएगी!"

वखारीत सगळं लाकूड ओलं. नईम हळूच म्हणाला, "प्लाय देतो." प्लाय! एका पावसाळ्यात फुगून सुटेल ते.

आत जाऊन दार लावलं. ज्या यांच्यावर असायला हव्या होत्या, त्या दुसऱ्याला कशा द्यायच्या? बाहेर जैनबबींची सून रडत होती. लोक थांबले होते. कोणी मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या तर नाही म्हणता आलं असतं.

दार उघडलं. "नईम, उतरव."

१० जुलै

कबर खोदणारा उजैर दारात आला. "चाची, फळी हातात घेतली अन् ओळखली. सत्तारचाचा कड घासून गोल करत, आमच्या हातात कुसळ जाऊ नये म्हणून. चाचांच्या कबरीतही अशाच लावल्या मी. करोनात रोज मय्यती येत, तर त्यांनी बीमार पडायच्या आधीच गाडीभर पाठवून ठेवल्या होत्या ना! तुमाले कोणी सांगितलं नाही?"

नाही रे बेटा. कोणीच नाही.