उठून उभा राहणारा कारकून

हेंद्रेपाडा, बदलापूर
डिसेंबर १९५२

प्रिय महिपती,

रोज तुला लिहायला बसतो आणि रोज अर्ध्यावर उठतो. तुझी आई म्हणते, "अंगात मुंग्या शिरल्यात का तुमच्या?" भात झोडून झालं, वाल उगवून आलेत, तांबडी गाय व्याली, कालवड झाली. सगळं नीट आहे, तरी जीव एका जागी ठरत नाही.

नोकरीला लागलास तेव्हा तू लिहायचास, खुर्चीत पाठ धरते, हातांना काम नाही, नुसते टाक आणि शिक्के, घरी येऊ का? खिडकीसमोर म्हातारं माणूस आलं की तू उठून उभा राहायचास. आपल्या पाड्यावर वडीलधारं माणूस उभं असताना बसतं कोण? पण हेडक्लार्क म्हणाले, "शेतकरीबुवा, ही कचेरी आहे, देऊळ नव्हे. बसा खाली!" बाकीचे तुला उठाबशी बाबू म्हणू लागले. मी घाबरलो. आपल्या घरात पहिल्यांदा सरकारी नोकरी आली, तीही हंगामी, आणि ती उठण्यावरून जायची! म्हणून लिहिलं, सरकारने खुर्ची बसायला दिली आहे, बसायला शीक. मग तुझं पत्र आलं, आता बसतो, साहेब खूश आहेत, कायम करतील. आईने पाड्यावर साखर वाटली.

गेल्या शुक्रवारी अंबरनाथला पेंढ्याची गाडी रिकामी केली आणि तसाच चालत तुमच्या त्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात आलो. आईने भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. बराकी सगळ्या सारख्या, विचारत विचारत कचेरी सापडली. शिपायाला म्हटलं, माझा मुलगा आत आहे. तो हसला, "बाबा, सबका कोई ना कोई अंदर है. लाइन में जाओ." गेलो. खिडकीशी पोचलो तर तुझी मान खाली. भांग नीट पाडलेला, अंगाने भरलास, बरं वाटलं. हाक मारणार, तोच तू मान वर न करता म्हणालास, "साईं, कल आना." मागच्याने मला बाजूला सरकवलं.

खरं सांगतो, आधी आनंदच झाला. पोरगा रुळला म्हटलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसलो. तिथे एक सिंधी म्हातारी होती, चेतीबाई नावाची. तिने फडक्यातला पापड आणि तांब्यातलं पाणी पुढे केलं. आल्यागेल्याला पापड-पाणी द्यायची त्यांची रीत. म्हणाली, "कल बोला ना? मेरे को भी रोज कल बोलता है." तिला डोळ्यांनी कमी दिसतं. मग आपणच म्हणाली, "पहले इधर एक लड़का था. मेरे को देखके खड़ा हो जाता था. सिंध छोड़ा, तब से मेरे लिए कोई खड़ा नहीं हुआ था. उसका बदली हो गया लगता है."  उरलेला पापड मी उपरण्यात बांधून घेतला.

आईला सांगितलं, भेट झाली, पोटभर जेवला. भाकऱ्या वाटेत बैलांना घातल्या. तुझ्यावर राग नाही रे, तसं मनात आणू नकोस. पत्र लिहिण्याचं कारण निराळं आहे. चेतीबाई येत्या सोमवारी पुन्हा येणार आहे, तिच्या खोलीच्या कागदासाठी, तीच म्हणाली. पांढरी ओढणी, काठी, पितळी तांब्या, ओळखशील. काम होणं न होणं साहेबांच्या हातात. पण ती खिडकीशी आली की तू ऊठ. हेडक्लार्क ओरडले तर ओरडू देत. कायम नाही केलं तर नाही, इथे दोन बैल आहेत, मी आहे. मला नुसतं एवढं हवं आहे, की त्या म्हातारीला कळावं, त्या मुलाची बदली झालेली नाही.

तुझाच,
आण्णा