मच्छरदाणीतली दुसरी उशी

सोमवार, ६ मार्च

इलिसापेता आमच्या बेटावरून ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेली, त्याला आज तीन आठवडे. लेक नऊ महिने तिकडे आणि तिची पोरगी माझ्या गळ्यात. फुआतिनो सहा वर्षांची – शिस्त मांजराच्या पिल्लाची! दप्तर वाटेत, गणवेश चिखलात. रात्री दहापर्यंत जागी. मच्छरदाणीत आपल्या उशीशेजारी आईची उशी मांडते, तिच्यावर हात ठेवते आणि रडते.

चौतीस वर्षं शाळेत दुसऱ्यांची पोरं वळणावर आणली. ही काय मोठी!

मंगळवार, ७ मार्च

खांबावर वेळापत्रक चिकटवलं. आल्याआल्या गणवेश धुणं. अंगणातली फणसाची पानं वेचणं. वाचन. घंटा झाली की प्रार्थना. कोकोभात, आंघोळ, आठला झोप. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला असंच वाढवत. मेलो नाही आम्ही.

शुक्रवार, १७ मार्च

शरमेनं मेले. संध्याकाळी गावात गॅसचं रिकामं सिलिंडर ठोकून प्रार्थनेची घंटा झाली. प्रार्थनेच्या वेळी कुणी फिरू नये म्हणून रस्त्यावर राखणीची माणसं उभी, कुत्रंही हलत नाही – आणि आमच्या घरात फोन कोकलतोय! फुआतिनो ‘आमच्या बापा’ अर्ध्यावर टाकून धावली.

नंतर चर्चमध्ये प्रार्थना सांगणारा तानिएलू दारात आला. माझाच विद्यार्थी.

“बाई, सगळ्या गावाला शिकवलंत. घरच तेवढं राहिलं वाटतं?”

इलि म्हणते, कामातली सुट्टी नेमकी तेव्हाच, पंधरा मिनिटं. काम संपेपर्यंत इकडे नऊ वाजतात. मग रविवारी दुपारी कर म्हटलं! तिन्हीसांजेला फोन आता बिस्किटाच्या डब्यात.

शनिवार, २५ मार्च

रोज डब्यापाशी बसून रडते. रडू दे.

गुरुवार, ११ मे

महिना झाला, रडणं नाही. गणवेश स्वतः धुते. आठला डोळे मिटलेले. हेच इलिला सहा वर्षांत जमलं नव्हतं.

रविवार, ९ जुलै

इलिचा फोन. पोरगी दोन वाक्यं बोलली आणि फोन माझ्या हातात दिला. पानं वेचायची राहिलीत म्हणाली. रविवारी कसली पानं?

इलिनं विचारलं, “माझी आठवण काढते का गं?”

“तुझ्यावाचून काही अडत नाही तिचं. आठला गाढ झोपते.”

झोंबावं म्हणूनच म्हटलं. लेकराला टाकून जाते म्हणजे काय! लाज वाटली की मुदत संपताच धावत येईल.

ती मग म्हणाली, “बरं झालं, आई.”

रविवार, ८ ऑक्टोबर

चर्चमध्ये मुलांचा रविवार. पांढऱ्या झग्यात फुआतिनोनं सगळी वचनं न अडखळता म्हटली. तानिएलूची मान खाली! पुढच्या महिन्यात इलि येईल तेव्हा बघेल म्हणावं.

रात्री मच्छरदाणीत एकच उशी. दुसरी कपाटात घडी केलेल्या चादरींवर नीट ठेवलेली.

“ही का काढलीस?”

“लागत नाही, आजी.”

मीच परत मांडली.

शनिवार, ११ नोव्हेंबर

इलि येत नाही. अजून तीन वर्षांच्या करारावर सही केली. “तूच म्हणालीस तिचं अडत नाही,” म्हणाली, “म्हणून धीर झाला.”

फुआतिनोला जवळ घेऊन सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “आजी, दिवा घालवू?”

आठ वाजले होते.