बरणीतला पुरावा

सोमवार, ६ तारीख
लेकीचा शुक्रवारी वर्गात प्रयोग. एक भौतिक बदल, एक रासायनिक. तिने ठरवलंय: बर्फ वितळवणे, काडी जाळणे. शी! सातवीत येऊन हे? मी केमिस्ट्रीचा पदवीधर. (काठावर, पण पेपर अवघड होता.) रासायनिक बदल मीच करून देणार. तिचं म्हणणं, बाबा, प्लीज नको. लाजते बिचारी.

मंगळवार
दूध, साखर, चिमूटभर यीस्ट. निघणारा गॅस हाच रासायनिक बदलाचा पुरावा. तो हवेत जाऊ नये म्हणून झाकण गच्च. बरणी गीझरशेजारी, उबेला. बायकोने विचारलं, माझी बरणी कुठाय? म्हटलं, विज्ञानाच्या कामी आलीय.

बुधवार
वर पिवळट, बुळबुळीत थर. झाकण जरा सैल करावं का? प्रामाणिकपणे विचार केला. नको. वासाला भिऊन नव्हे, शास्त्रीय शिस्त म्हणून. तरी वास येतोच. आईच्या मते घरात उंदीर मेलाय. सकाळपासून कपाटांमागे शोधतेय. खोटं बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही.

गुरुवार
लेक रडली. वर्गात मला 'नासकी' म्हणतील, म्हणे. म्हटलं, हसतील त्यांचे दात दिसतील. ती आजीच्या कुशीत शिरली. बरणी जड आहे. उद्या मीच नेतो.

शुक्रवार, दुपार
लेकीने बर्फ वितळवला. म्हणाली, पाणी पुन्हा गोठवता येतं. काडी जाळली. म्हणाली, राखेची काडी होत नाही. टाळ्या! बाईंनी विचारलं, बाबांनी काय आणलंय? लेक मानेनेच नको नको म्हणत होती.
झाकण जेमतेम फिरवलं.
पंख्यापर्यंत. बाईंच्या चष्म्यावर, हजेरीपटावर, माझ्या तोंडात. पहिल्या बाकावरचा ओकला. त्याला बघून शेजारचा. शी, शी, शी.
पुरावा मात्र निर्विवाद.

शुक्रवार, संध्याकाळ
दोनदा आंघोळ. शर्ट बायकोने चिमट्यात धरून कचऱ्यात टाकला, बरणीही. आई म्हणाली, उंदीर सापडला एकदाचा.
लेकीने खोलीला आतून कडी लावलीय. दाराबाहेरून समजावलं: राग म्हणजे भौतिक बदल, बर्फासारखा वितळतो. तिने आतून विचारलं, आणि दूध, बाबा?
उत्तर येत होतं. दिलं नाही.
शेवटी म्हणाली, आधी परत आंघोळ कर, दारातून वास येतोय.
चाललोय.